एलिसब्रिज: मधला जुना लोखंडी पूल नुसता शोभेला ठेवायचा का चालायला द्यायचा?

रायखडकर

मंडळी, हा विषय बरेच दिवस डोक्यात घोळतोय, आज धागा काढतोच. अहमदाबादला गेलेल्यांनी साबरमतीवरचा एलिसब्रिज बघितला असेलच, म्हणजे बघितला असं वाटलं असेल, कारण आपण रिक्षातून ज्याच्यावरून जातो ते दोन्ही अंगांचे नव्वदीत बांधलेले काँक्रीटचे पूल. त्यांचं पाटीवरचं नाव स्वामी विवेकानंद पूल, आणि त्या दोघांच्या बेचक्यात कमानीमागून कमानी असा जो लोखंडी सांगाडा उभा आहे तो खरा एलिसब्रिज, १८९२ चा. पाटी काहीही म्हणो, गावात तिघांना मिळून एलिसब्रिजच म्हणतात. पलीकडच्या अख्ख्या भागाचं नाव एलिसब्रिज, विधानसभेचा मतदारसंघ एलिसब्रिज. जुनी माणसं अजून लक्कडियो पुल म्हणतात, कारण आधी तिथे १८७०-७१ साली बांधलेला लाकडी पूल होता. तो १८७५ च्या पुरात गेला, नंतर हा लोखंडी आला.

आमचं घर चार पिढ्या जुन्या शहरातल्या रायखडमध्ये, गायकवाड हवेलीच्या जवळ. पेशवे-गायकवाडांच्या अमलात, म्हणजे १८१७ च्या आधी, जी मराठी घरं तिकडे गेली त्यातली काही राहिली, काही नंतर नोकऱ्यांच्या निमित्ताने आली, तेव्हा एकच मुंबई इलाखा होता. बाबा रोज सायकलने पूल ओलांडून गुजरात कॉलेजला जायचे, आणि आजीच्या लेखी पुलापलीकडे राहणारे सगळे 'नवे' लोक. ते 'नवे' अहमदाबाद या पुलाने केलंय हे मात्र खरं. १८९२ च्या आधी पलीकडे थोडी गावं नि शेतं, पावसाळ्यात नदी भरली की होडी. पूल झाल्यावर हळूहळू बंगले गेले, १९१५ ला गांधीजींनी पहिला आश्रम काढला तो पलीकडे कोचरबला, तीसच्या दशकात पुलाच्या पश्चिम टोकाला टाऊन हॉल आणि मा. जे. लायब्ररी झाली. दोन्ही इमारती क्लॉड बॅटलीच्या, म्हणजे आपल्या मुंबईच्या जेजेत आर्किटेक्चर शिकवणाऱ्या बॅटलीच्या. आणि पूर्वेच्या टोकाला माणेक बुरूज, जिथे १४११ साली शहराचा पाया घातला असं मानतात. एका टोकाला पंधरावं शतक, दुसऱ्या टोकाला विसावं, मध्ये ४३३ मीटर लोखंड.

आता मुद्दा. ९७ च्या सुमाराला हा पूल गाड्यांना बंद झाला, मग माणसांनाही जवळपास बंदच. मध्ये एकदा पाडायचा विषय निघाला, लोकांनी आरडाओरडा केला, बारगळला. २०२४ मध्ये दुरुस्तीसाठी साधारण ३२ कोटी मंजूर झाल्याचं जाहीर झालं. छान. पण मधल्या काळात, २०२२ साली, याच पुलाच्या आणि सरदार पुलाच्या मध्ये नदीवर पायी चालायचा नवाकोरा अटल पूल उभा राहिला, पतंगाच्या आकाराचा, जवळपास ७४ कोटींचा, तिकीट ३० रुपये. दिसायला बरा आहे, मुलं खूश असतात, माझं काही म्हणणं नाही. पण नदी पायी ओलांडायला पूल हवा होता तर तो शेजारीच १३० वर्षं उभा होता हो.

तर विचारायचं हे की अशा पुलाचं जतन म्हणजे नक्की काय? रंग, एलईडी आणि सेल्फी पॉइंट, का रोजच्या येण्याजाण्यात तो परत घेणं? माझं मत दुसऱ्या बाजूला आहे. ज्याच्यावरून माणूस जात नाही त्याला पूल का म्हणायचं?

---

डोंबिवली_स्लो

मस्त धागा, वाचतोय. एक प्रश्न, हे एलिस कोण? गव्हर्नर वगैरे होते का?

---

रायखडकर

गव्हर्नर नाही. सर बॅरो हेल्बर्ट एलिस, मुंबई इलाख्याच्या सनदी सेवेतले, उत्तर विभागाचे कमिशनर होते. गंमत म्हणजे त्यांचं नाव सिंधी लोकांना जास्त माहीत असायला हवं, सिंधी भाषेची अरबी वळणाची लिपी १८५३ साली ठरली त्या कामात हेच एलिस पुढे होते. पण मला विचाराल तर पुलाला नाव चुकीच्या माणसाचं आहे. पूल बांधला हिंमतलाल धीरजराम भचेच या गुजराती इंजिनियरने, १८९२ साली, लक्षात घ्या. लोखंड बर्मिंगहॅमहून आलं, पण काम यांच्या हाताखाली झालं. अंदाजपत्रक ५ लाखांचं आणि खर्च आला ४ लाख ७ हजार. म्हणजे ९३ हजार वाचवले. सरकारला आनंद व्हायच्या ऐवजी संशय आला, की याने नक्की हलका माल वापरला असणार, आणि चौकशी बसवली. चौकशीत निघालं काय तर काम उत्तम दर्जाचं आहे. मग रावसाहेब किताब दिला. आज कुठलं काम अंदाजपत्रकापेक्षा कमी पैशात झालं तर आपणही चौकशी लावू म्हणा, ती गोष्ट वेगळी.

---

रोखठोक

लेख चांगला पण मला हे हेरिटेजचं प्रेम कधी कळत नाही. इंग्रजांनी इंग्रजांच्या सोयीसाठी, आपल्याच पैशातून, त्यांच्याच कारखान्यातलं लोखंड विकत घेऊन बांधलेला पूल, त्याला नाव साहेबाचं, आणि आता ३२ कोटी आपण घालायचे. देऊळ असतं, वाव (पायऱ्यांची विहीर) असती, तर समजलो असतो. अडालजची वाव आणि हा गंजका गर्डर एका यादीत कसे काय? शहराला २०१७ ला युनेस्कोचा दर्जा मिळाला तो पोळांमुळे, म्हणजे जुन्या गल्लीवजा वस्त्यांमुळे, वाड्यांमुळे, मशिदींमुळे, या पुलामुळे नाही.

---

गर्डरवाले_काका

रोखठोकराव, तुमच्या 'गंजका गर्डर'ने जुन्या माणसाच्या काळजाला हात घातलात. नोकरीत सगळं आयुष्य पुलांच्या तपासणीत गेलं, रेल्वेचे आणि रस्त्याचेही, त्यामुळे जरा लांबण लावतो, सांभाळून घ्या.

हा पूल 'बोस्ट्रिंग' जातीचा. म्हणजे असं बघा, कुठलीही कमान वजन आलं की दोन्ही पाय बाहेर फाकवायला बघते. दगडी पुलात तो रेटा काठचे कातळ किंवा जाडजूड पाये घेतात. पण साबरमतीच्या पात्रात खाली वाळूच वाळू, तिथे आडवा रेटा घेणार कोण? मग युक्ती अशी केली की कमानीचे दोन्ही पाय खालून आडव्या लोखंडाने एकमेकांना बांधून टाकायचे, धनुष्याला दोरी असते तसं. रेटा दोरीतच जिरतो, खांबावर येतं ते फक्त सरळ खाली दाबणारं वजन. म्हणून खांब बघा किती सडपातळ आहेत, जोडीजोडीने उभे गोल खांब. पूर आला की पाण्याला अडायला जागा कमी. आधीचा लाकडी पूल पुराने नेलेला सगळ्यांच्या डोळ्यासमोर होता, त्याचं हे उत्तर आहे.

एकूण १४ गाळे (गाळा म्हणजे दोन खांबांमधला भाग), एकेक साधारण ३१ मीटरचा, आणि प्रत्येक गाळा स्वतंत्र. एकाला काही झालं तरी शेजारचा ओढला जात नाही, आणि दुरुस्ती करायची तर एकेक गाळा घेऊन करता येते. आजही तेच कामाला येणार आहे.

आता अहमदाबादचं हवामान. हिवाळ्यात पहाटे १० अंश, मे महिन्यात ४५. लोखंड १ अंशाला मीटरमागे ०.०१२ मिलिमीटर वाढतं, म्हणजे ३१ मीटरचा गाळा ३५ अंशांच्या फरकाने १३ मिलिमीटर लांब होतो. १४ गाळे धरले तर सगळा पूल हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत १८ सेंटीमीटर वाढतो, कमी होतो. त्याला हलायला जागा लागते, म्हणून गाळ्याचं एक टोक पक्कं आणि दुसरं सरकतं ठेवायचं असतं. देखभाल थांबली की पहिलं काय मरतं तर हे सरकतं टोक, म्हणजे बेअरिंग. धूळ बसते, गंज धरतो, जाम होतं, आणि मग वाढायचा जोर खांबाच्या डोक्यावर येतो. वरून रंग कितीही छान असू दे, बेअरिंग जाम असेल तर तो पूल आजारीच आहे.

दुसरं म्हणजे रिव्हेट. लालबुंद तापवलेला रिव्हेट भोकात घालून दुसऱ्या बाजूने ठोकून डोकं काढायचं, तो थंड होताना आखडतो आणि पत्रे एकमेकांवर घट्ट आवळतो. ठोकणाऱ्यांची टोळी असायची, एक तापवणारा, एक झेलणारा, एक मागून दाब देणारा, एक ठोकणारा. या पुलाला असे किती हजार असतील. पण दोन पत्र्यांच्या फटीत पाणी शिरलं की आत गंज फुगतो, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जागा खातो, आणि पत्रे आतून उचकटत जातो, रिव्हेटची डोकी उडवतो. हे बाहेरून रंग देऊन झाकता येतं, थांबवता येत नाही.

म्हणून रायखडकर, तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर, ३२ कोटीतले किती बेअरिंगवर आणि किती दिव्यांवर हे विचारा, सगळं कळेल.

---

डोंबिवली_स्लो

काका __/\__ असं कोणी कॉलेजात शिकवलं असतं तर मी कॉमर्सला गेलोच नसतो.

---

मिडलँड्सवाली

अरे वा, लोखंडी पुलांचा धागा आणि मी गप्प बसायचं? मी इंग्लंडात टेलफर्डजवळ राहते, घरापासून गाडीने पाव तासावर सगळ्या लोखंडी पुलांचा पणजोबा उभा आहे, सेव्हर्न नदीवरचा आयर्नब्रिज. १७७९ साली उभा केला, १ जानेवारी १७८१ ला रस्ता सुरू झाला. ओतीव लोखंडाचा जगातला पहिला मोठा पूल.

काकांनी रिव्हेटचं लिहिलंय म्हणून सांगते, या पुलात रिव्हेटच नाही! तेव्हा लोखंडाचा पूल कसा जोडतात हेच कोणाला माहीत नव्हतं, मग त्यांनी सुतारकाम करतात तसं केलं, कुसू आणि वेध, पाचरी, कबुतराच्या शेपटीच्या आकाराचे सांधे, सगळं लोखंडात ओतून. १,७०० च्या आसपास तुकडे, ३७८ टन. आणि काका, एक मजा बघा, त्या एकाच कमानीचा गाळा ३०.६ मीटर, म्हणजे तुमच्या एलिसब्रिजच्या एका गाळ्याएवढाच जवळजवळ! तिकडे ११० वर्षांनी तसे चौदा.

मूळ नकाशा टॉमस प्रिचर्ड या आर्किटेक्टचा, तो १७७७ मध्येच वारला, पुढे अब्राहम डार्बी तिसरा याने तडीस नेला. हिंमतलालच्या बरोबर उलटं झालं, अंदाज ३,२०० पौंडांचा, खर्च दुपटीकडे गेला आणि डार्बी आयुष्यभर कर्जात राहिला. पण १७९५ ला सेव्हर्नला मोठा पूर आला, आजूबाजूच्या पुलांची वाट लागली, हा मात्र तसाच उभा, मग लोकांना पटलं की लोखंडाचा पूल ही काही वेडगळ कल्पना नाही.

आता रायखडकरांचा मुद्दा. तिकडे १९३४ ला गाड्या बंद केल्या आणि त्याच वर्षी स्मारक म्हणून संरक्षण दिलं, पण पायी चालणं कधी बंद केलं नाही, १९५० पर्यंत तर चालणाऱ्यांकडून टोल घेत होते. टोलची पाटी अजून आहे, तिच्यावर लिहिलंय की सैनिक असो, अधिकारी असो की राजघराण्यातला माणूस असो, सगळ्यांना पैसे पडतील. आपल्याकडे अशी पाटी लावून दाखवा एखाद्या टोलनाक्यावर :)

दुखणं पुलाचं नव्हतंच, दरीचं होतं. दोन्ही काठ हळूहळू नदीकडे सरकतायत आणि पुलाला दोन्ही बाजूंनी चेपतायत. म्हणून ७२ ते ७५ मध्ये नदीच्या तळाशी काँक्रीटची उलटी कमान घातली, ती दोन्ही काठांना दूर धरून ठेवते. कोणाला दिसत नाही, फोटोत येत नाही, पण पूल तिच्यामुळे आहे. आणि २०१७-१८ मध्ये ३६ लाख पौंडांची दुरुस्ती झाली, त्यात एका जर्मन प्रतिष्ठानाने १० लाख युरो दिले, बाकीच्यात लोकवर्गणीचाही हातभार होता. काम चालू असताना लोकांना परातीवरून चालत जाऊन बघू दिलं. आणि रंग! आम्ही सगळे तो करड्या रंगाचाच समजत होतो, जुने थर तपासले तर मूळ रंग तांबडा-तपकिरी निघाला, आता तोच दिलाय. गावातल्या म्हाताऱ्या बायका अजून नाक मुरडतात.

---

पुणे_३०

ताई, परात नव्हे, बांधकामाचा पहाड. परातीत कणीक मळतात.

---

मिडलँड्सवाली

पुणे_३०, पहाड म्हणा, बांबू म्हणा, तुम्ही सोडून बाकी सगळ्यांना कळलं ना, झालं मग.

---

भायखळा_फास्ट

पुलांवर चर्चा चाललीय आणि मुंबईचं कोणी काढत नाही म्हणून मी काढतो. मस्जिद बंदरचा कर्नाक पूल, १८६८ चा. धोकादायक ठरला, मग आधी जड गाड्या बंद, मग सगळंच बंद, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये २७ तासांचा मेगाब्लॉक घेऊन कापून काढला. त्या रविवारी हार्बरवाल्यांचे जे हाल झाले ते आम्हालाच ठाऊक. नवा पूल २०२५ च्या जुलैत सुरू झाला, नाव सिंदूर पूल. जुन्या पुलाचे नाव कोरलेले दगड तेवढे ठेवले. त्याच्या आधी हँकॉक गेला २०१६ ला, आता एल्फिन्स्टनचा चाललाय.

मला वाईट वाटलं पण खरं सांगू, दुसरा मार्ग नव्हता. खाली लोकल, वर बस, उंची वाढवायची होती, वायरी जायच्या होत्या. तिथे जुना ठेवून शेजारी नवा बांधायला जागा कुठे आहे? अहमदाबादला नदीचं पात्र मोकळं होतं म्हणून दोन्ही बाजूंनी नवे पूल टाकता आले आणि मधला वाचला. त्यामुळे अमदावादींनी फार वारसाप्रेमी असल्याचा आव आणू नये, जागा होती म्हणून वाचला.

---

रायखडकर

भायखळा_फास्ट, मुद्दा मान्य, जागा होती हे अर्धं कारण. पण जागा असूनही पाडतात हो लोक. मधला काढला असता तर सहा पदरी सलग रस्ता मिळाला असता, ते आमिष होतंच की.

---

रोखठोक

कोणी मोरबीचं नाव का घेत नाहीये? ३० ऑक्टोबर २०२२, १३५ माणसं गेली. तोही एकोणिसाव्या शतकातलाच, तोही हेरिटेज, तोही दुरुस्त करून, रंगवून, नवीन वर्षाच्या दिवशी थाटात लोकांसाठी उघडलेला. चार दिवसांत पडला. आणि इथे चर्चा चाललीय की माणसांना परत चालू द्या म्हणून. उद्या सणाच्या दिवशी पाच हजार माणसं सेल्फी काढायला चढली तर जबाबदारी कोणाची? मला पूल आवडत नाही असं नाही, मला श्रद्धांजलीचे धागे वाचायचे नाहीत.

---

गर्डरवाले_काका

रोखठोकराव, हा मात्र खरा प्रश्न. उत्तर नीट द्यायला हवं.

मोरबीचा झुलता पूल. सगळा भार दोन मुख्य दोरांवर. चौकशीत निघालं की एका दोरातल्या ४९ तारांपैकी २२ आधीच गेलेल्या होत्या, म्हणजे दुर्घटनेच्या दिवशी नाही, आधीच. दोर न बदलता खालची फळी बदलली, ॲल्युमिनियमची बसवली, जुन्या लोंबत्या सळ्यांना नव्या सळ्या वेल्डिंग केल्या, आणि माणसं किती सोडायची याला धरबंध नाही. म्हणजे जे दिसतं ते नवं केलं, जे धरून ठेवतं ते जुनंच ठेवलं. मी वर बेअरिंग आणि दिवे म्हणालो ते याच कारणाने.

एलिसब्रिज झुलता नाही, त्याचा भार अनेक अंगांनी वाटलेला आहे, आणि तो बस, ट्रक, घोडागाड्या, सगळं वाहून दमलेला पूल आहे. गर्दीचं वजनही कमी नसतं म्हणा, दाटीवाटीने उभी माणसं चौरस मीटरला ४०० ते ५०० किलोपर्यंत जातात, ६ मीटर रुंदीच्या एका गाळ्यावर तसं धरलं तर ७५-९३ टन होतात. म्हणून 'गाड्या बंद केल्या म्हणजे माणसांना सुरक्षित' असं आपोआप होत नाही, हिशोब करावा लागतो, वजन ठेवून चाचणी घ्यावी लागते, आणि एका वेळी किती माणसं हे ठरवून पाळावं लागतं. हे सगळं करता येण्यासारखं आहे. अवघड काही नाही, फक्त कंटाळवाणं आहे.

आणि जुना म्हणून धोक्याचा, नवा म्हणून पक्का, हे डोक्यातून काढा. २०२५ च्या जुलैत बडोद्याजवळ गंभीरा पूल पडला, वीस-बावीस माणसं गेली. तो १९८५ चा काँक्रीटचा. महाडचा सावित्रीवरचा २०१६ ला वाहून गेला तो १९२८ चा दगडी. दगडी, काँक्रीट, लोखंडी, तिन्ही पडतात. तपासणीच्या वहीत 'ठीक' असं लिहून सही केली की पडतात.

---

रोखठोक

काका, हे पटलं. पण मग चाचणीचे आकडे लोकांसमोर ठेवतील का? ठेवले तर मी पहिला चालायला येतो.

---

भरूचची_सून

माहेर सांगलीचं, सासर भरूच, त्यामुळे दोन्हीकडच्या पुलांशी संबंध. सांगलीचा आयर्विन दगडी, तो राहू दे. आमच्या नर्मदेवरचा गोल्डन ब्रिज कोणी बघितलाय का? १८७७ च्या डिसेंबरात काम सुरू, १८८१ च्या मे मध्ये पुरं, बांधला रेल्वेसाठी, १९३५ ला रेल्वेला शेजारी नवा पूल मिळाला आणि मग हा रस्त्याला दिला. त्या काळी ४५ लाखांच्या वर खर्च आला, लोक म्हणायचे एवढ्यात सोन्याचा झाला असता, म्हणून गोल्डन. माझ्या सासऱ्यांचं सगळं आयुष्य अंकलेश्वरच्या नोकरीत आणि या पुलावरच्या ट्रॅफिकमध्ये गेलं, एक लेन जाणार एक येणार, मध्ये एखादी रिक्षा बंद पडली की तासभर नर्मदा मैयाचं दर्शन घेत बसा. २०२१ ला शेजारी नवा चौपदरी नर्मदा मैया पूल झाला आणि जुन्याला सुट्टी मिळाली.

सांगायचं हे की पूल चालू होता तोवर सगळे शिव्या द्यायचे, सासरे तर सगळ्यात जास्त. बंद झाला तसं तेच आता पाहुणे आले की गाडी काढून दाखवायला नेतात. रोज वापरत होते तेव्हा तो कोणाला हेरिटेज वाटला नाही, आणि वापर थांबल्यावर तिथे देखभालीला जायचं कारणच उरत नाही. रायखडकरांच्या प्रश्नात हा भाग पण धरा, की गर्दी असते तिथे बोल्ट सैल झालेला कोणाच्या तरी डोळ्याला दिसतो आणि कोणीतरी ओरडतं.

---

रायखडकर

भरूचच्या वहिनी, अगदी मनातलं. आमच्याकडे पुलाखाली 'रविवारी' नावाचा बाजार, म्हणजेच गुजरी बाजार, भरायचा, थेट नदीच्या वाळूत. जुनी पुस्तकं, पितळी भांडी, सायकलचे सुटे भाग, खाटा, बकऱ्या, कोंबड्या, काय नाही ते. अहमदशाहच्या काळापासून भरतो म्हणतात. पुलाच्या सावलीत दुकानं लागायची, ऊन सरकेल तसे दुकानदार सरकायचे. रिव्हरफ्रंटचं काम झालं तसा तो २०१४ च्या सुमाराला काठावर बांधीव ओट्यांवर गेला. सोय झाली, शेड आलं, संडास आले, तक्रार नाही. पण वरून पुलावरून खालचा बाजार दिसायचा ते गेलं.

आणि काकांना एक विचारायचंय. हा पूल बांधला तेव्हा साबरमती म्हणजे आठ महिने वाळू. त्याच वाळूत गांधीजींच्या सभा व्हायच्या, लाखालाखाची गर्दी पात्रात बसायची. आता वासणा बॅरेज आणि नर्मदेचं पाणी यामुळे बारा महिने भरलेली असते. जो खांब वर्षातले चारेक महिने पाण्यात राहील असं धरून बांधला तो आता कायम पाण्यात उभा आहे. याने काही फरक पडतो का?

---

गर्डरवाले_काका

पडतो, आणि हा प्रश्न तुम्ही काढलात हे फार बरं केलंत, कारण वर्तमानपत्रात कोणी हे लिहीत नाही. लोखंडाला सगळ्यात वाईट जागा कुठली तर पाण्याच्या पातळीची रेघ, जिथे कधी ओलं कधी कोरडं होतं, हवा आणि पाणी दोन्ही मिळतं. पूर्वी ही रेघ ऋतूप्रमाणे वरखाली फिरायची, आता पाणी एकाच उंचीला धरून ठेवलंय म्हणजे खांबाचा तोच पट्टा वर्षानुवर्षं खाल्ला जातो. शिवाय पूर्वी कोरड्या पात्रात शिडी लावून खांब तपासता यायचा, हातोडी मारून आवाज ऐकता यायचा. आता पाणबुडे उतरवावे लागतात. त्याचा खर्च धरलाय का हे निविदेत बघायला हवं. दुसरं, पूर्वी खालून वाळूवरून कोरडी हवा यायची, आता सतत दमट. कागदावर पूल तोच आहे, नदी बदलली.

जुन्या रंगाचंही सांगून ठेवतो. त्या काळी लोखंडाला पहिला हात शिशाच्या शेंदराचा असायचा. तो खरवडताना धूळ उडता कामा नये, खाली पाण्यात पडता कामा नये, कामगाराला मास्क हवा. तंबूसारखं झाकून काम करावं लागतं. मिडलँड्सवाल्या ताईंकडे पूल झाकून काम केलं असेल ते उगाच नाही.

---

मिडलँड्सवाली

हो काका, सगळा पूल गुंडाळून टाकला होता, त्या वर्षी आलेल्या पाहुण्यांना मी पूल म्हणून ताडपत्री दाखवली.

---

पुणे_३०

आमच्या लकडी पुलाचं कोणी काढलं नाही अजून. पानिपतानंतर १७६१ ला नानासाहेबांनी बांधला, लाकडाचा, तोही पुरात गेला, मग दगडी झाला, आता त्याचं नाव संभाजी पूल, वरून मेट्रो. आम्ही लकडीच म्हणतो. हेरिटेज जपायला पैसे लागत नाहीत, हट्ट लागतो.

---

डोंबिवली_स्लो

@काका, रिव्हेट बदलायचे झाले तर आज रिव्हेट ठोकणारे मिळतात का? का सरळ नट-बोल्ट लावतात? आणि बोल्ट लावले तर मग तो जुना पूल राहिला का?

---

गर्डरवाले_काका

रेल्वेत अजून काही हात आहेत, पण कमी. जिथे जोर खूप येतो आणि रिव्हेट बसवायला जागा नाही तिथे घट्ट आवळायचे खास बोल्ट लावतात, त्यात काही पाप नाही. गोल डोक्याचे बोल्ट मिळतात, लांबून रिव्हेटसारखेच दिसतात. माझं वैयक्तिक मत, कुठे बदललं ते लपवू नये. नवीन पट्टी लावली तर तिच्यावर साल टाकावं. शंभर वर्षांनी जो तपासायला येईल त्याला कळलं पाहिजे की हे हिंमतलालचं आणि हे आपलं.

---

रोखठोक

बरं, एवढं सगळं वाचून मी थोडा हललोय, पण तिकीट लावलं तर माझा विरोध परत चालू. अटल पुलाला ३० रुपये आणि याला पण लावले तर रायखडहून टाऊन हॉलला चालत जाणाऱ्याने काय करायचं?

---

रायखडकर

तिकीट नको हे माझंही मत. आयर्नब्रिज आता फुकट आहे ना ताई? मग झालं. गर्दी मोजायची तर दोन्ही टोकांना फिरतं फाटक लावा, आकडा मोजा, पैसे घेऊ नका. आणि सकाळी ऑफिसच्या वेळेला पहिलं प्राधान्य चालणाऱ्यांना, फोटोवाल्यांनी संध्याकाळी यावं.

हिंमतलाल भचेच यांच्या नावाची ठळक पाटी पूर्वेच्या टोकाला लावा अशी मागणी महापालिकेकडे पाठवायचा विचार आहे, मजकूर मराठी, गुजराती दोन्हीत तयार करतोय, त्यात ५ लाख आणि ४ लाख ७ हजार हे दोन्ही आकडे घालणार. काका, तांत्रिक दोन ओळी तुम्ही लिहून द्याल का? बोस्ट्रिंग म्हणजे काय ते, शाळेतल्या पोराला कळेल असं.

---

गर्डरवाले_काका

रविवारपर्यंत देतो. पण पाटी लोखंडाला भोक पाडून लावायची नाही, आधीच सांगतो. दगडात लावा.